शिक्षा आणि शिक्षापद

शाळेच्या स्मरणिकेत यशाच्या कथा असाव्यात असा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. सोनारीच्या या वसतिगृहातून शिकून गेलेल्या मुलामुलींच्या कर्तृत्वाविषयी या अंकात इतरांनी लिहिले असेलच. आम्ही मात्र ज्या विषयावर पालक आमच्याशी दार लोटून घेऊन बोलतात, त्याच विषयावर लिहिण्याचे ठरविले आहे. आपल्या मुलाच्या खिशात नशेची पुडी सापडली आणि त्याच्यावर पहिलाच गुन्हा दाखल झाला, तर कुटुंबाने काय करावे?

हा प्रश्न आता केवळ पुण्या-मुंबईचा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी पोलिसांनी मेफेड्रोन, म्हणजे बोलीत ज्याला 'एमडी' म्हणतात ती भुकटी, पकडली. या बातमीने जिल्ह्यातील प्रत्येक घराला विचार करायला लावले.

काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थ्याचे वडील आमच्याकडे आले होते. मुलगा एकोणीस वर्षांचा. शहरात खोली करून शिकत होता. झडतीत त्याच्या खिशात गांजाच्या दोन लहान पुड्या सापडल्या होत्या. जामीन झाला होता. वडील ऊसतोडीची उचल घेऊन कारखान्यावर निघण्याच्या बेतात होते. ते म्हणाले, "गुरुजी, कोर्टात कबूल कर, दंड भर, एका दिवसात मोकळा होशील, असं एकानं सांगितलंय. उचलीतले पैसे आहेत. भरू का?" मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत होता. दंड उचलीतून फिटला असता. कबुलीने लागणारा दोषसिद्धीचा शिक्का मात्र कोणत्या उचलीतून फिटणार होता? आम्ही त्यांना एवढेच सांगितले, "भाऊ, वकिलाशी बोलल्याशिवाय काहीही कबूल करू नका." त्यानंतर आम्ही स्वतः हा कायदा वाचावयास घेतला. आम्ही वकील नाही. परंतु जे समजले ते समाजापुढे ठेवणे हे शिक्षकाचे काम आहे.

अमली पदार्थांविषयीचा सध्याचा कायदा, ज्याला सर्वजण 'एनडीपीएस' म्हणतात, तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. आरंभी त्यातील बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची शिक्षा होती. २००१ च्या दुरुस्तीने मात्रेप्रमाणे शिक्षेची श्रेणी ठरली. गांजा १ किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅमपर्यंत, हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत आणि मेफेड्रोन २ ग्रॅमपर्यंत असेल, तर ती 'अल्प मात्रा' होय. त्यासाठी जास्तीत जास्त एक वर्ष सश्रम कारावास, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मात्र पुडीत केलेली भेसळही वजनात धरली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरविले आहे. एमडीच्या बाबतीत २ ग्रॅमची मर्यादा चिमूटभराची आहे, हे तरुणांनी ध्यानात ठेवावे.

हा गुन्हा अजामीनपात्र असल्याने पोलीस ठाण्यातच जामीन मिळणे हा हक्क नाही. तथापि मोठ्या, म्हणजे 'व्यावसायिक' मात्रेला कलम ३७ मधील ज्या कडक अटी लागतात, त्या अल्प मात्रेला लागत नाहीत. म्हणून न्यायालयाकडे जामीन मागताना वजनाचा पंचनामा हा पहिला कागद ठरतो. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर घेण्याची मागणी करण्याचा हक्क कलम ५० ने दिला आहे, आणि तो हक्क सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तसा तो सांगितला होता काय, हे वकिलाने प्रथम पाहावे.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, पहिल्यांदा घसरलेल्यासाठी या कडक कायद्यानेच काही दारे उघडी ठेवली आहेत. ज्याला खरोखर व्यसन जडले आहे, त्याने सरकारी किंवा शासनमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार मागून घेतले, तर कलम ६४-अ प्रमाणे अल्प मात्रेच्या खटल्यातून त्याला मुक्तता मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेतली जाते. दोषी ठरल्यावरही कलम ३९ खाली न्यायालय व्यसनी व्यक्तीला त्याच्या संमतीने, बंधपत्र लिहून घेऊन उपचारासाठी सोडू शकते. ज्याला व्यसन जडलेले नाही, केवळ सेवनाचा आरोप आहे, त्याच्यावर कलम २७ लागते. त्या कलमाखाली प्रौढालाही परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तनाच्या हमीवर, सोडता येते. बाळगण्याच्या कलमाखाली प्रौढाला ही सवलत नाही. म्हणजे दोषारोपपत्रात कोणते कलम लागले आहे, यावर एका तरुणाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. घाईने दिलेली कबुली ही सारी दारे न पाहताच मागे फिरण्यासारखी आहे.

आरोपी अठरा वर्षांखालील असेल, तर २०१५ चा बाल न्याय कायदा लागू होतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. अशा किरकोळ गुन्ह्यामुळे पुढे नोकरीला किंवा शिक्षणाला तो अपात्र ठरत नाही. याउलट, मुलांच्या हातून नशेचे पदार्थ विकून घेणाऱ्याला याच कायद्याने सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास ठेवला आहे. दया कोणाला दाखवावी आणि कोणाला नाही, याचा विवेक येथे आहे.

वकिलाचे पैसे कोठून आणावे, हा आपल्या घरांतील खरा प्रश्न असतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात त्यासाठी प्राधिकरण असते. १५१०० हा दूरध्वनी क्रमांक देशभर चालतो. अटकेचे कारण कळणे, वकिलाचा सल्ला मिळणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाणे, हे हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये आहेत. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत ही तरतूद स्वतः बाबासाहेबांनी मांडली होती. त्यांनी मिळवून दिलेला हक्क 'बदनामी नको' म्हणून न वापरणे, हा त्यांचा सन्मान नव्हे.

त्या मुलाला विधी सेवेतूनच वकील मिळाला. त्याने सरकारी रुग्णालयात उपचार पूर्ण केले आणि न्यायालयात तसा अर्ज दिला. निकाल अद्याप लागलेला नाही. तारखेला तो स्वतः हजर राहतो. मधल्या काळात गावातल्या काही दारांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, याचे आम्हांस अधिक वाईट वाटते. अंगुलिमालाला तथागतांनी संघात घेतले. राजा प्रसेनजितानेही त्याला धरले नाही. परंतु भिक्षेला निघालेल्या त्या भिक्खूवर लोकांचे दगड पडतच राहिले. न्यायालय एखाद्याला सोडते, तेव्हा समाजाच्या हातातील दगडांचे काय, हा प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वीइतकाच आजही जिवंत आहे.

आपल्या शाळेत रोज सकाळी मुले पंचशील म्हणतात. नशेपासून दूर राहण्याचे पाचवे शील, आणि दारू न पिण्याची १९५६ ची नागपूरची प्रतिज्ञा, यांत कोणतीही सूट आम्ही मागत नाही. मात्र पालीत शीलाला 'सिक्खापद' म्हणतात, म्हणजे शिकण्याची पायरी. आपल्या मराठीत 'शिक्षा' या शब्दाला दंडाचा अर्थ चिकटला. शिकणारा पायरीवरून घसरला, तर त्याला पुन्हा तीच पायरी चढावयास लावणे हे शाळेचे आणि समाजाचे काम आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे: तुमच्यापैकी जे वकील, डॉक्टर, समुपदेशक झाले आहेत, त्यांनी आपली नावे शाळेकडे नोंदवून ठेवावीत. रात्री-अपरात्री एखादा बाप घाबरून आला, तर त्याच्या हाती देण्यासाठी आमच्याजवळ एक नाव असले पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!