सीतापुऱ्याचा जाम आणि वर्तमानपत्राचं एक पान



जयपूरच्या पोस्टिंगमध्ये फॅमिली सोबत होती आणि त्या मे महिन्यात आईही साताऱ्याहून आली. तिचं बीपी काही केल्या आटोक्यात येत नव्हतं. मिलिटरी हॉस्पिटलने पुढे पाठवलं ते सीतापुऱ्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात.

सीतापुरा म्हणजे शहराच्या दक्षिणेला, टोंक रोडवर, सांगानेरच्या पुढची औद्योगिक वसाहत. कपड्यांचे कारखाने, दागिन्यांचे कारखाने, कॉलेजं. संध्याकाळी पाळी सुटली की कंपन्यांच्या बसेस, ई-रिक्षा, टेम्पो सगळे एकदम रस्त्यावर. आम्ही नेमके त्यातच अडकलो. बाहेर 43 डिग्री, गाडी मुंगीच्या चालीने, आणि तापमानाचा काटा लाल पट्टीकडे.

मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर फुल्ल लावला. हीटरमध्येही इंजिनचंच गरम पाणी फिरतं, तो एक छोटा रेडिएटरच असतो. तेवढीच उष्णता बाहेर पडते. पण हे मागे बसलेल्या आईला कोण सांगणार?

"आरं, वैशाखात शेगडी का पेटवलीस?"

तिने बाटलीतलं पाणी पदरावर ओतून डोक्यावर घेतला. आरशात तिचा चेहरा लालबुंद दिसत होता. डॉक्टरने तासाभरापूर्वीच उन्हाला जपायला सांगितलं होतं. चौदा वर्षांच्या नोकरीत बऱ्याच ठिकाणी घाबरलोय, पण त्या दहा मिनिटांइतका क्वचितच.

शेवटी बॉनेटमधून वाफ आली तेव्हा गाडी कडेला घेतली. चहावाला धावत आला, "फौजी साहब, पेट्रोल तो नहीं टपक रहा?" त्याची भीती उगाच नव्हती. 29 ऑक्टोबर 2009 ला इथल्याच तेल डेपोत पेट्रोल गळून त्याची वाफ पसरली, स्फोट झाला आणि आग आठवड्याहून जास्त दिवस जळत राहिली. वाफ पाण्याची आहे हे पटल्यावर त्याने आईला टपरीच्या सावलीत बसवलं, ताक आणून दिलं. पैसे घेतले नाहीत.

रेडिएटरचं झाकण मी पाऊण तास उघडलं नाही. आत दाब असतो, म्हणून पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की तेच पाणी तोंडावर उडतं. आमच्या एका ड्रायव्हरच्या गळ्यावर तो डाग अजून आहे.

पुढचे पंधरा दिवस नुसता खर्च. थर्मोस्टॅट बदलला. बोअरच्या खारट पाण्याने क्षार धरला असेल म्हणून रेडिएटर साफ करून नवीन कूलंट भरलं. फरक शून्य. गंमत म्हणजे हायवेवर ऐंशीच्या स्पीडला काटा मध्यावर गप्प बसायचा, आणि जाम लागला की वर.

वर्कशॉपच्या सुभेदार साहेबांना हे सांगितलं. ईएमईचा जुना माणूस. म्हणाले, "हायवेवर वारा काम करतो, जाममध्ये फक्त पंखा. पंखा बघितलास?"

"चालतो साहेब, आवाज येतो ना."

"आवाज येतो. हवा कुठे जाते?"

गाडी जागेवर तापवली. पंखा सुरू झाला. साहेबांनी वर्तमानपत्राचं एक पान पुढच्या जाळीसमोर धरलं. पंखा रेडिएटरच्या पुढे असो की मागे, हवा समोरून इंजिनकडेच जायला हवी. म्हणजे पान जाळीला चिकटायला हवं. ते उलट त्यांच्या पोटावर येऊन फडफडलं.

फेब्रुवारीत रस्त्याकडेच्या एका गॅरेजात पंख्याची मोटर बदलली होती. मिस्त्रीने दोन वायरी उलट्या जोडल्या आणि मोटर उलटी फिरू लागली. इंजिनवरची तापलेली हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होती. थंडीत ते खपून गेलं. हायवेवर तर पंखा लागायची वेळच येत नव्हती. मोटर बदलल्यावर बॉनेट उघडून एकदा हात धरून बघणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. वायरी बदलायला साहेबांना दहा मिनिटंही लागली नाहीत.

पुढच्या तपासणीला निघताना आई गाडीत बसेना.

"आधी तो कागद धरून दाखव."

धरला. चिकटला. मग बसली.