कुंडीतील वेल

ड्रॅगन फ्रूट हा मूळचा मध्य अमेरिकेकडील निवडुंग. आज तो सांगली-सोलापूरच्या कोरड्या रानांतही पिकतो. २०२१ साली सांगली जिल्ह्यातील तडसरची फळे दुबईस गेली. इंग्लंडातील हिम मात्र त्यास सोसत नाही. म्हणून येथे तो कुंडीतच लावावा, हिवाळ्यात घरातील उजेडाच्या खिडकीत ठेवावा आणि पाणी बेतानेच घालावे. कापलेली फांदी लगेच रोवू नये. जखम काही दिवस सुकू द्यावी. नाहीतर ती कुजते.

मॉरिशसला करारावर गेलेल्या आपल्या पूर्वजांना असा अवसर लाभला नाही. पोर्ट लुईच्या घाटावर उतरल्यावर दोनएक दिवसांतच त्यांची ऊसमळ्यांवर पाठवणी होई. तरीही गणेशचतुर्थी आणि मराठी त्यांनी पुढील पिढ्यांच्या हाती दिली.

माझ्या लेकीला मराठी कळते, पण उत्तर ती इंग्रजीतच देते. कुंडीपाशी तरी मराठीतच बोलायचे, असे आम्ही दोघींनी ठरविले आहे. कळी, काटा, मुळी हे शब्द तिने आपलेसे केले आहेत. हे फूल एकच रात्र उमलते. आमच्या वेलीस ते अजून आलेले नाही. येईल तेव्हा मला हाक मारून उठवील ती मराठीतूनच, एवढी उमेद आहे.