खेकड्याची नांगी

बदल्यांच्या फेऱ्यात आम्ही लखनौच्या तेलीबागेत येऊन राहिलो. येथील पाणी जड. भांड्यास पांढरा थर धरावयाचा. म्हणून पाणी मृदू करण्याचे यंत्र घेतले. त्यात राळेचे पिवळसर मणी असतात. ते पाण्यातील कॅल्शियम पकडतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मिठाचे पाणी फिरविले की पुन्हा कामास तयार. (कचेरीतील बदल्या इतक्या न्यायाने होत्या तर!)

पुढे रत्नागिरीहून धाकट्या बंधूंचे पत्र आले : ‘दादा, खाडीच्या पाण्यात शिसे-तांबे मिसळते अशी बोलवा आहे. मुले तर तिसऱ्या सोडीत नाहीत. एक बाटली पाणी पाठवितो, तिकडे तपासून घ्यावे.’

शेजारी एक रसायनज्ञ गृहस्थ राहतात. त्यांस आम्ही आमचे मणी दाखविले. ते हसले. लिटरभर समुद्रजलात सोडियमच सुमारे ११ ग्रॅम; खुल्या समुद्रातील तांबे मात्र एक मायक्रोग्रॅमही भरत नाही. त्या गर्दीत आमच्या मण्यांचा काय पाड? तेथे निराळी राळ लागते. तिच्या अंगी इमिनोडायॲसिटिक आम्लाचे गट असतात. ते तांबे, शिसे, जस्त यांस घट्ट धरतात, सोडियमकडे फारसे लक्ष देत नाहीत. अशा पकडीस ‘कीलेट’ म्हणतात, आणि मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खेकड्याची नांगी! कोकणच्या माणसास याहून अधिक काय समजवावयाचे? पाणी राळेच्या नळीतून सावकाश सोडतात, अमोनियम ॲसिटेटने कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन काढतात, मग थोड्या नायट्रिक आम्लाने नांगी सोडवितात. लिटराचा ऐवज काही मिलिलिटरांत उतरतो.

पण नांगीस आपपर भाव नाही. बाटलीतील धूळ, बोटांचा मळ, झाकणाचा रंग, यांतील धातूही ती त्याच इमानाने गोळा करते. समुद्रातील शिशाचे जुने आकडे अशा भेसळीने फुगलेले होते, हे क्लेअर पॅटरसन आदींनी १९७० च्या दशकात निर्मळ प्रयोगशाळेत मोजल्यावर उमगले. मग लोणच्याच्या बरणीतून रेल्वेने आलेल्या पाण्याची काय कथा!

शिवाय खाडीचे पाणी भरती-ओहोटीगणिक बदलते. तिसऱ्या मात्र तेच पाणी महिनोन्‌महिने गाळीत बसतात आणि त्यातील धातू अंगात साठवितात. राळेचे काम त्यांनी आधीच केलेले असते. म्हणून बंधूंस लिहिले, की बाटली पाठवू नये. तिसऱ्याच स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत, बर्फात घालून, जवळच्या प्रयोगशाळेत द्याव्या, आणि उत्तर येईतो मुलांच्या ताटात वाढू नयेत.

उलटटपाली उत्तर आले : ‘दादा, हे मुलांना तुम्हीच कळवावे.’