रिफाम्पिसिनचा आग्रह मी का सोडला

रिफाम्पिसिनशिवाय टीबीचे उपचार म्हणजे उपचारच नव्हेत, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या पेशंटलाही त्यातून सूट देत नसे. सहा महिन्यांत टीबी बरा होण्याची सोय याच औषधामुळे झाली. ते काढून लेव्होफ्लॉक्सासिन घालायचं आणि कोर्स वर्ष-दीड वर्ष लांबवायचा, हे मला पटत नव्हतं. आज माझं मत तसं राहिलेलं नाही.

रिफाम्पिसिन यकृतातली आणि आतड्यातली औषधं मोडणारी एन्झाइम्स चेतवतं. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घेतलेलं टॅक्रोलिमस मग रक्तात टिकत नाही. डोस दुप्पट, तिप्पट, कधी पाचपट करावा लागतो. पुस्तकात हे एका ओळीत उरकतं की डोस वाढवा, लेव्हल बघत राहा.

ही लेव्हल बघायची तर रात्रीच्या गोळीला बारा तास झाल्यावर, सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यावं लागतं. सिरोंच्याचा माणूस पहाटेची एसटी धरूनही त्या वेळेत नागपूरच्या लॅबमध्ये पोहोचू शकत नाही. आदल्या दिवशी निघायचं, कुठेतरी रात्र काढायची, सकाळची कॅप्सूल खिशात ठेवून रांगेत बसायचं. सोबत पुष्कळदा किडनी देणारी आईच असते. आणि रिफाम्पिसिनचा परिणाम पहिले एक-दोन आठवडे चढतच जातो, त्यामुळे आज बसवलेला डोस पुढच्या आठवड्यात पुरत नाही. अशा पेशंटचा टीबी हटतो, पण तोवर क्रिएटिनिन चढलेलं असतं. त्या घरात दुसरी किडनी द्यायला कोण उरलंय, हा प्रश्न मला सोडेना.

आता गाठीचा किंवा फुफ्फुसातला मर्यादित टीबी असेल आणि लेव्हल वेळच्या वेळी होणार नसेल, तर मी आयसोनियाझिड, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल यांच्या जोडीला लेव्होफ्लॉक्सासिन देतो. मात्र जंतू आयसोनियाझिडला दाद देत नसेल तर हा कोर्स लंगडा पडतो, आणि नेहमीचं सीबीनॅट फक्त रिफाम्पिसिनचं सांगतं. म्हणून पहिली गोळी देण्याआधी नमुना कल्चरला गेलाच पाहिजे. या पेशंटना पुष्कळदा खोकलाही नसतो, नुसता ताप आणि उतरत जाणारं वजन. बेडका मिळत नाही, मॉन्टू टेस्ट निगेटिव्ह येते. तेव्हा ब्रॉन्कोस्कोपी करावी, गाठीची बायोप्सी घ्यावी, बोन मॅरो पाठवावा. साध्या तापाला लेव्हो लिहून देणाऱ्या डॉक्टरांना तर माझी कळकळीची विनंती आहे, हे थांबवा. ताप चार दिवस उतरतो, टीबी दबून राहतो, निदान लांबतं, आणि आमची भिस्त असलेलं औषधच बोथट होतं.

मेंदूचा किंवा अंगभर पसरलेला टीबी असला तर रिफाम्पिसिन मी आजही सोडत नाही. तेव्हा सुरुवातीचे आठवडे पेशंटने शहरातच राहायचं, लेव्हल पुन्हापुन्हा करायची. कोर्स संपतानाही परत बोलावतो, कारण रिफाम्पिसिन थांबल्यावर साधारण दोन आठवड्यांत एन्झाइम्स मूळपदावर येतात, वाढवलेलं टॅक्रोलिमस रक्तात साचू लागतं आणि त्यानेही किडनीला इजा होते. तो डोस खाली आणून लेव्हल स्थिरावेपर्यंत मी कोणाला गावी पाठवत नाही.