फुटलेली तसबीर

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने एखाद्या कादंबरीवर कोणकोणत्या ग्रंथांचे ऋण आहे ते सांगावे. ती वाचताना आपली झोप उडाली, असे सांगणे त्याला शोभत नाही, असा एक संकेत आहे. तो मोडून मला कबूल केले पाहिजे की, बंकिमचंद्रांची ‘राजसिंह’ येथील अतिथिगृहात मूळ बंगालीतून, अडखळत का होईना, मी दोन रात्रींत संपविली.

रूपनगरच्या राजकन्येशी माझी ओळख जुनी. आजोळच्या माडीवर, शाळकरी वयात, हरिभाऊ आपट्यांच्या ‘रूपनगरची राजकन्या’ने ती करून दिली होती. टॉडच्या राजस्थानच्या इतिहासात (१८२९-३२) तिची हकीगत थोडक्यात आटोपते : औरंगजेब मागणी घालतो, ती पुरोहिताकरवी मेवाडच्या राणा राजसिंहाला निरोप धाडते, राणा तिला सोडवून नेतो. बंकिमबाबूंनी १८८२ मध्ये तीवरून लहानशी कथा रचली आणि १८९३ च्या आवृत्तीत तिचा मोठा विस्तार केला. हे सारे मी वर्गात सांगतच असते.

परंतु मला जागे ठेवले ते चंचलकुमारीने. तसबिरी विकणारी म्हातारी महालात येते. चंचल औरंगजेबाची तसबीर विकत घेते आणि सख्यांना तिच्यावर लाथ मारायला सांगते. कोणी धजत नाही. तेव्हा ती स्वतःच पाऊल ठेवते, किंचित भार देते आणि तसबीर मोडते.

हा प्रसंग मी वर्गात वाचून दाखविला, तेव्हा एका विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, “मॅडम, हे वाचताना आपल्याला आनंद होतो?” बादशहाच्या धर्माची त्या खोलीत ती एकटीच होती. मी अद्भुतरम्य कादंबरीच्या संकेतांविषयी काहीतरी बोलले. ते उत्तर नव्हते, हे आम्हा दोघींनाही कळले.

रात्री पुन्हा पुस्तक उघडले. ग्रंथाच्या अखेरीस बंकिमबाबू स्वतःच बजावतात की, हिंदू म्हणून कोणी चांगला ठरत नाही, की मुसलमान म्हणून वाईट. पण लेखकाच्या निवेदनाआड लपणे मला बरे वाटेना. मी कथेतच शोधू लागले. चंचलची सखी निर्मलकुमारी दिल्लीला जाते, बादशहापुढे निर्भयपणे बोलते, आणि तिच्यासमोर त्या सत्ताधीशाचे एकाकीपण उघडे पडते. त्याआधी, डोंगरातल्या लढाईत राण्याची मूठभर माणसे संकटात सापडतात, तेव्हा चंचल पालखीतून उतरून दोन सैन्यांमध्ये उभी राहते. आपल्यापायी इतके जीव जाऊ नयेत म्हणून ती दिल्लीला जायला सिद्ध होते. महालात पाय उचलणारी अल्लड मुलगी येथे प्रौढ झालेली असते.

पुढच्या तासाला मी त्या विद्यार्थिनीला म्हटले, “होतो. तसबीर मोडली तेव्हाही लहानपणी झाला होता. आता ती पालखीतून उतरते, तेव्हा अधिक होतो.”

तिने क्षणभर विचार केला. “पण मॅडम, तसबीर मोडली नसती, तर पालखी निघालीच नसती.”

खरे होते. बादशहाच्या कानी ती वार्ता गेली, म्हणून तर मागणी आली. मला प्रिय असलेला प्रसंग मला खुपणाऱ्या प्रसंगाच्या पोटी जन्मला आहे. एकाचा आस्वाद घेऊन दुसऱ्यापासून हात झटकता येत नाहीत. ‘राजसिंह’ मी यापुढेही वाचीन आणि शिकवीन, पण तो प्रश्न टाळून नव्हे.