तांबडा दिवा

जुन्या मोटारीच्या फळीवर बोराएवढा एक तांबडा दिवा असतो. त्याचा स्वभाव इतर दिव्यांच्या अगदी उलट. बाकीचे दिवे लागले की आपल्याला हायसे वाटते. हा विझला की वाटते. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिनाने जरा वेग घेतला की विझतो. त्याच्या एका बाजूला असते बॅटरी आणि दुसऱ्या बाजूला डायनॅमो. दोघांचा दाब सारखा झाला की मधल्या दिव्यातून वीज वाहण्याचे कारणच उरत नाही. दोन्ही बाजू तोलास तोल झाल्या की मधल्याचे काम संपते, हे सासू-सुनेच्या मध्ये बसणाऱ्या गृहस्थांना मी वेगळे सांगायला नको!

मराठीच्या मास्तराने डायनॅमोवर लिहावे, याचे कोणी नवल करील. परंतु आमचा मुलूखच तसा आहे. १९१० साली ज्या माळरानावर किर्लोस्करांचा नांगरांचा कारखाना उभा राहिला, त्याच किर्लोस्करवाडीतून १९२० साली मराठी मासिकही निघू लागले. लोखंड आणि शाई यांचे आमच्याकडे कधी वाकडे नव्हते.

आमच्या साताऱ्याच्या घरी १९५१ सालची मॉरिस मायनर आहे. आजोबांनी घेतलेली, अण्णांनी जपलेली. अण्णा निवृत्त वकील, वय अठ्ठ्याहत्तर. मी नोकरीनिमित्त सांगलीला असतो. रोज रात्री फोन करतो. "बरं आहे," असे अण्णा म्हणतात, आणि दोघेही निश्चिंत झोपतो.

गेल्या वर्षी मात्र गाडीचे काही बरे चालेना. सकाळी सेल्फ मारावा तर नुसता कण्हल्यासारखा आवाज. दीड वर्षात दोन बॅटऱ्या झाल्या. बॅटरीवाला म्हणाला, डायनॅमो गेला. डायनॅमो बांधणारा म्हणाला, रेग्युलेटर गेला. रेग्युलेटरवाल्याने पुन्हा बॅटरीकडे बोट दाखवले. पुण्याहून धाकट्या भावाने एक गिऱ्हाईकही शोधून ठेवले. अण्णा 'हो' म्हणाले नाहीत, 'नाही'ही म्हणाले नाहीत. मला त्या गप्प राहण्याचीच अधिक धास्ती वाटली. एका शनिवारी सांगलीच्या एका जुन्या मिस्त्रींना घेऊन मी साताऱ्याची एसटी धरली.

मिस्त्रींनी कोणताही भाग बदलायचे नाव काढले नाही. आधी डायनॅमोचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला; अर्ध्या इंचाहून जास्त दबत नव्हता. मग बॅटरीची टोके पाहिली. या गाडीचे शास्त्र उलटे. बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले. टोकांवर पांढरट हिरवी भुकटी साचली होती. ती सोड्याच्या कढत पाण्याने धुतली. मग डायनॅमोच्या दोन्ही तारा सोडवल्या, 'डी' आणि 'एफ' ही त्याची दोन टोके एका तारेने जोडली, व्होल्टमीटर लावला आणि मला इंजिन हळूहळू वाढवायला सांगितले.

"काटा हललाच न्हाई तर कार्बन गेलं. एकावर अडकला तर फील्ड कॉइल. चार-पाचावर बसला तर आर्मेचर," ते म्हणाले.

काटा कोठेही न अडखळता पंधराच्या पुढे गेला. तारा जागच्या जागी लावल्या. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ व्होल्ट दाखवीत होती, वेग देताच १४ च्या वर गेली. म्हणजे कटआउट आणि रेग्युलेटरही निर्दोष. सगळे साक्षीदार सुटले आणि गुन्हा तेवढा उरला!

मिस्त्रींनी हात पुसले आणि अण्णांना विचारले, "वकीलसाहेब, गाडी कुठवर जाती ओ?"

"राजवाड्यापर्यंत. संध्याकाळी. भाजी घ्यायला."

"दिवं लावून?"

"दिवे लावूनच."

"आन् लांब?"

अण्णा बोलले नाहीत. मीही बोललो नाही. आईचे माहेर सांगलीचे. १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचे नाव 'दक्षिण सातारा' होते. तेच नाव घेऊन अण्णा आईला चिडवीत आणि दर महिन्याला तिला याच गाडीतून कराड, पेठ नाका, आष्टा करीत माहेरी नेत. आई गेल्याला दोन वर्षे झाली. त्यानंतर 'चला' म्हणणारे कोणी उरले नव्हते.

"रोग काय बी न्हाई हिला," मिस्त्री म्हणाले. "नुसती उपाशी हाय."

हिशेब सरळ होता. सेल्फ क्षणभरात बॅटरीतून मूठभर नव्हे, घमेलेभर वीज उपसतो. दोन मोठे दिवे मिळून सुमारे ६ अँपियर खातात. आजच्या गाडीतला अल्टरनेटर इंजिन मंद असतानाही बरेच काही देतो. जुना डायनॅमो मात्र वेग घेतल्याशिवाय हात सैल सोडत नाही. पेठेतल्या गर्दीत मैलभर रांगून आलेली गाडी रोज थोडी थोडी कर्जात जात होती. आणि तांबडा दिवा? तो रोज वेळेवर विझत होता. मिळकत सुरू झाली, एवढेच तो सांगतो. तिच्यात खर्च भागतो की नाही, हे सांगणे त्याच्या कुवतीबाहेरचे. मला रोज रात्रीचे "बरं आहे" आठवले.

बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना सोडायला म्हणून अण्णा स्वतः चाकावर बसले. सुमारे १२० किलोमीटरची ती वाट. कराडपर्यंत ते गप्प होते. कोयना ओलांडल्यावर आईच्या एका आवडत्या रसवंतीची गोष्ट त्यांनी मिस्त्रींना सांगितली. मी मागे बसून ऐकत होतो. मला ती ठाऊक नव्हती.

गिऱ्हाइकाला भावाने काय सांगितले, कोण जाणे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आता अण्णा कंदी पेढे घेऊन सांगलीला येतात आणि जाताना भडंग घेऊन जातात. मीही फोनवर "बरं आहे ना?" असे विचारीत नाही. "कधी निघताय?" असे विचारतो.