औट

मी मराठीचा प्राध्यापक. आकड्यांशी माझी गाठ पगाराच्या दिवशी पडते, नाहीतर पेपर तपासताना. गेल्या सहामाहीला दोन चाचण्यांची सरासरी काढण्याचे लचांड गळ्यात आले, तेव्हा इंजिनिअर होऊ घातलेल्या कन्येला शरण गेलो. तिने 'सी' भाषेत चार ओळी लिहिल्या : गुणांची बेरीज करा, दोनाने भागा. क्षणात यादी तयार! मी ती ऐटीत फलकावर लावली.

दुसऱ्याच दिवशी एक विद्यार्थिनी दाराशी उभी. "सर, नऊ आणि दहा एकोणीस. निम्मे साडेनऊ. यादीत नऊच आहेत."

पंचवीसपैकी दहाला पास, आणि अर्धा गुण वर ओढायचा हा आमचा रिवाज. म्हणजे यंत्राने नापास केलेली ही पोर चक्क पास होती!

घरी आलो तो तणतणतच. "तुझ्या यंत्राला भागाकार येत नाही!"

"येतो, बाबा. दोन्ही आकडे पूर्णांक दिले की 'सी' उत्तरही पूर्णांकच देते, अपूर्णांक टाकून देते. चूक माझी. दोनऐवजी 2.0 लिहायचे आणि उत्तरही दशांशाच्या डब्यात ठेवायचे."

एका टिंबापायी मुलगी नापास! आम्ही भाषावाले अनुस्वारावरून भांडतो ते उगीच नव्हे. 'पायथॉन' भाषेने 2008 साली तिसरी आवृत्ती काढताना हा घोळ निस्तरला, असे कन्येने सांगितले. एक तिरकी रेघ दिली तर साताचे निम्मे साडेतीन. दोन रेघा दिल्या तर तीनच.

मला आजोबा आठवले. त्यांना पावकी, निमकी, औटकी तोंडपाठ. साडेतीन म्हणजे त्यांचे 'औट'. आमच्या पूर्वजांनी अपूर्णांकांना नावे ठेवली नाहीत, नावे दिली!

तरी पूर्णांकी भागाकारही टाकाऊ नव्हे. पंचवीस पणत्या चार खिडक्यांत लावायच्या, तर प्रत्येकी सहाच. सव्वासहा पणत्या कोण लावणार? पण उरलेली एक आपण फेकत नाही, तुळशीपाशी ठेवतो. यंत्राला तुळस कुठली?

यादी पुन्हा काढली. आणखी अकरा जणांचा अर्धा-अर्धा गुण परत आला. त्यांतले कुणीच विचारायला आले नव्हते.